विद्यापीठाच्या हॉलमधली शांतता

“सर, इथं दोरी ढिली पडलीय.”

राजमती गुडघ्यांवर बसून रेघ तपासत होती. तर्जनी जमिनीला टेकवून ती कोपऱ्यापासून सरकत निघाली होती आणि मध्येच थांबली होती. मी दुसऱ्या टोकाला दातांनी चिकटपट्टी तोडत होतो.

“किती ढिली?”

“बोट घसरतंय. यास्मिनचा पाय इथं पडला तर तिला कळायचंच नाही रेघ आली म्हणून. जाईल सरळ बाहेर, चहा प्यायला.”

मी उठून गेलो. पट्टी सोडवली, खालची सुतळी ताणली, पट्टी पुन्हा दाबून बसवली. तिनं परत बोट फिरवलं. “आता पास,” ती म्हणाली.

तेव्हा मी अंध मुलींच्या निवासी शाळेत शिकवत होतो. सकाळी गणित आणि दुपारनंतर खेळ. आमच्या मुली गोलबॉल खेळायच्या. एका बाजूला तिघी, समोर तिघी, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, म्हणजे जिला थोडंफार दिसतं तीही इतरांसारखीच होते. चेंडू जड रबराचा आणि आत घुंगरं. समोरच्यांनी तो जमिनीवरून जोरानं फेकायचा आणि आपण आवाजाच्या दिशेनं अंग झोकून तो अडवायचा. मैदानाच्या रेघा हाता-पायांना कळाव्यात म्हणून पट्टीखाली सुतळी घालायची. या खेळाला महाग असं काही लागत नाही. लागते ती फक्त शांतता. कुणी बोललं, टाळी वाजवली, खुर्ची सरकवली, की चेंडू हरवतो.

आमच्या शाळेच्या पटांगणाला लागून रस्ता होता. म्हणून क्रीडा संचालक शिंत्रे मॅडमना विनवून मी विद्यापीठाचा इनडोअर हॉल मिळवला होता. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, कबड्डीच्या मॅट, परीक्षेची बाकं, पदवीदानाचं व्यासपीठ, सगळं त्या एकाच छपराखाली व्हायचं. लाकडी जमिनीवर प्रत्येक खेळाच्या वेगळ्या रंगाच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या असत. आमच्या मुलींना त्या रंगांचा उपयोग नव्हता. त्यांच्या रेघा रोज घालायच्या आणि रोज काढायच्या.

“कुरणे सर,” शिंत्रे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “तुमच्या सुतळीत माझा बास्केटबॉलचा एक जरी पोरगा अडकून पडला, तर तुम्हाला बास्केटमध्ये टाकीन.”

राजमतीनं तो हॉल पहिल्यांदा कसा पाहिला ते मला आठवतं. दारातच तिनं एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून थांबली. मग म्हणाली, “सर, टाळी गेली ती अजून परत आली नाही.” तेव्हापासून रोज आत शिरताना ती एक टाळी वाजवायची. घरात शिरताना एखादी पोर आईला हाक मारते, तशी.

मी आयुष्यात पुष्कळ मुलं शिकवली. कुणाला पाढे येईनात, कुणाला बूट बांधता येईनात. मला घाई कधीच नव्हती. पण ही मुलगी शिकवण्याच्या पुढे धावायची. चेंडू समोरच्या मुलीच्या हातातून सुटण्याआधी ती झुकलेली असायची. कसं कळतं विचारलं तर म्हणायची, “फेकायच्या आधी ती श्वास घेते ना, सर.”

राज्याच्या संघासाठी निवड व्हायची होती. संघटनेची दोन माणसं येणार होती, आणि त्यांच्यासमोर पलीकडच्या जिल्ह्यातल्या अंधशाळेशी आमचा सामना ठरला होता. निवड झाली तर शिबिर, पुढे राष्ट्रीय स्पर्धा. पण राजमतीच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट अडकली होती.

तिचे वडील पायगोंडा चौगुले मंडईत भाजीचे सौदे पुकारायचे. आदल्या वर्षी राजमतीची आई गेली होती आणि घरात दोन धाकटी पोरं होती. महिन्यापूर्वी ते शाळेत येऊन बसले.

“गुरुजी, पोरीला न्यायला आलोय.”

“वर्षाच्या मध्ये?”

“पोरास्नी भाकरी कोण घालणार? ही चांगली करती. हाताच्या अंदाजानं करती, पर माझ्यापेक्षा गोल हुती.”

पायगोंडांचा आवाज असा होता, की ते हळू बोलले तरी दोन वर्गांपलीकडं उत्तरपत्रिका थांबायच्या. मी त्यांना खेळाचं सांगितलं, निवडीचं सांगितलं. त्यांनी बराच वेळ टॉवेलानं मान पुसली.

“खेळून काय हुतंय, गुरुजी?”

“शिष्यवृत्ती मिळते. दहावीनंतरही राहता येतं, शिकता येतं. एकदा तिचा खेळ तर बघा.”

“बरं,” ते शेवटी म्हणाले. “ती मानसं हिला निवडली तर ऱ्हाऊ दे. मी बहिणीला आणून ठेवतो घरात. न्हाई निवडली, तर त्याच दिवशी घिऊन जातो. हा माझा शब्द.”

मी ते राजमतीला सांगितलं. ती इतकंच म्हणाली, “बाबा येणार बघायला? हॉलमध्ये? आत?”

सामन्याच्या दिवशी पायगोंडा सकाळीच आले. पायऱ्यांवर वहाणा काढून दारात उभे राहिले आणि वर छताकडं बघत म्हणाले, “आयला! यात आमची अख्खी मंडई बसंल की!” तो आवाज छताला लागून परत खाली आला. आतमध्ये सराव करणारी राजमती जागच्या जागी सरळ झाली.

मी त्यांना बाजूला घेतलं. “पायगोंडा, एक सांगू? सामना सुरू झाला की एक शब्दही नको. तुमचा तर नकोच. तिला फक्त चेंडू ऐकू आला पाहिजे.”

“आता गुरुजी, मी काय येडा हाय?” त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंडासमोर धरला. “हे बगा, बुच मारलं.”

“मला तिच्याशी बोलू द्या तरी,” ते म्हणाले. पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि मुलींना डोळ्यांच्या पट्ट्या बांधायला बोलावलं.

माझी खरी काळजी पायगोंडांची नव्हतीच. विद्यापीठाच्या वसतिगृहातली पोरं आली होती. शिंत्रे मॅडमनी उत्साहानं सगळ्या विभागांना कळवलं होतं आणि सज्जे भरले होते. कुणीतरी हलगीही आणली होती. मॅडमनी माइकवरून दोनदा ‘शांत बसा’ म्हटलं, तसा गोंगाट आणखी वाढला. त्यांनी माइक माझ्या हातात दिला. “घ्या, तुमची मुलं.”

गप्प बस म्हणून कुणी गप्प बसत नाही. ऐकायला काहीतरी द्यावं लागतं.

“पोरांनो,” मी म्हणालो, “सगळ्यांनी डोळे मिटा. मी चेंडू सोडणार आहे. थांबला की तो जिथं आहे तिकडं बोट दाखवा. मग डोळे उघडा. लबाडी करेल त्यानं सामन्यानंतर खुर्च्या उचलायच्या.”

मी चेंडू सोडला. डोळे उघडले तेव्हा शेकडो बोटं होती आणि एकाही बोटाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. एकाचं तर छताकडं होतं. हशा उसळला.

“सर, पंखे बंद करा, मग सांगतो!” वरून एक जण ओरडला.

“शाब्बास. खेळ कळला तुला.”

पंखे बंद केले. मी पुन्हा चेंडू सोडला. या वेळी पोरांनीच एकमेकांना गप्प केलं. हलगीवाल्यानं हलगी मांडीखाली घातली. एवढा मोठा हॉल, एवढी माणसं, आणि त्यातून फक्त घुंगरं चालत गेली. डोळे उघडले तेव्हा बरीच बोटं चेंडूकडं होती. कुणी हसलं नाही.

सामना सुरू झाला. त्या सामन्यात राजमती जशी खेळली तशी ती पूर्वी कधी खेळली नव्हती. चेंडू यायचा आणि ती जणू आधीपासून तिथं आडवी पडलेलीच असायची. अडवला की क्षणात उठून, पायानं सुतळी चाचपून, उलट फेकायची. गोल झाला की पंच हात वर करायचे, आणि तेवढ्यापुरती पोरं छत डोक्यावर घ्यायची. हात खाली आला की पुन्हा गप्प. संघटनेच्या दोन माणसांपैकी एक जाड चष्म्याचे गृहस्थ होते. ते माझ्याकडं झुकून कुजबुजले, “ही चौगुले कुठली हो?” मी सज्ज्याकडं पाहिलं. पायगोंडा पहिल्या रांगेत, टॉवेल दोन्ही हातांनी तोंडावर घट्ट धरून बसले होते. डोळे पाण्यानं भरले होते.

अगदी शेवटी, बरोबरी असताना, यास्मिनला फेकायला उशीर झाला आणि आमच्यावर दंड बसला. दंड म्हणजे बाकी दोघींनी बाहेर जायचं आणि एकीनं संपूर्ण गोल एकटीनं राखायचा. आधीची फेक राजमतीची होती, म्हणून तिनं. एवढ्या रुंद गोलासमोर ती एकटी, पाय दुमडून, हात पुढं टेकवून बसली. मला भीती वाटली नाही. समोरची मुलगी श्वास घेईल आणि हिला कळेल, एवढा विश्वास होता.

पंच म्हणाले, “शांतता.” मग म्हणाले, “खेळा.”

समोरची मुलगी धावत आली. चेंडू जोरात आपटून सुटला आणि सरळ राजमतीच्या तोंडाच्या रोखानं निघाला. ती त्याच्यावर झेपावायला खांदा खाली घेतच होती, एवढ्यात सज्ज्यातून हाक कोसळली.

“राजाऽऽ, भिंतीकडं!”

राजमती तीरासारखी डावीकडं उडाली. चेंडू ती होती तिथूनच गेला आणि मागच्या जाळीला लागला.

पोरं सुन्न झाली. मग सगळ्यांची तोंडं पायगोंडांकडं वळली. ते उभे होते. टॉवेल खाली पडला होता.

“तोंडावर येत हुता,” ते आसपासच्या सगळ्यांना सांगत होते. “पोरीच्या तोंडावर येत हुता ओ... मी बाजूला व्हायला सांगितलं...”

शिंत्रे मॅडमनी कपाळाला हात लावला. पंचांनी मात्र हात आडवा केला. “प्रेक्षकांतून आवाज आला. गोल धरत नाही. पुन्हा फेक.”

माझा जीव भांड्यात पडला. चेंडू पलीकडं दिला. एका पोरानं पायगोंडांना हळूच खाली बसवलं. त्यांनी टॉवेल उचलून गोळा केला आणि चक्क तोंडात कोंबला. हॉल पुन्हा तसाच शांत झाला, किंबहुना आधीपेक्षाही जास्त.

“खेळा.”

मी राजमतीकडं पाहिलं. ती बसली नव्हती. हात बाजूला सोडून सरळ उभी होती, आणि तिचा चेहरा समोर नव्हता. वर होता, सज्ज्याकडं, थोडा तिरका. पहिल्या दिवशी दारात टाळी वाजवून थांबली होती, अगदी तसा.

चेंडू आला. घुंगरं सगळ्या हॉलला ऐकू येत होती. तिच्या पायांच्या बोटांजवळून तो गेला. ती हलली नाही.

जाड चष्म्याच्या गृहस्थांनी पेनला टोपण लावलं. “मुलगी चांगली आहे,” ते म्हणाले, “पण ऐन वेळी लक्ष ठेवत नाही. पुढच्या वर्षी बघू.” माझ्या हाताला हात लावून ते चहाला गेले.

हॉल रिकामा झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिनं पट्टी काढून गुंडाळी केली होती. यास्मिन तिच्या पाठीवर हात फिरवत होती. मी यास्मिनला पाणी आणायला पाठवलं.

“चेंडू ऐकू आला नाही?”

“आला, सर.”

“मग?”

ती थोडा वेळ गुंडाळी उलगडत, गुंडाळत राहिली. “बाबा परत बोलतात का, बघत होते.”

मी जवळची पट्टी बोटानं दाबून बसवली.

“लहानपणी मला मंडईत घेऊन जायचे,” ती म्हणाली. “पोत्यावर बसवायचे. हातगाडी आली, बैल आला, की सौदा थांबवून हाक मारायचे. राजा, भिंतीकडं. मग मी सरकायची. दिवसभर भाव सांगायचे आणि मध्येच माझी हाक. सर, तुमच्या शाळेत सगळे चांगले आहेत. पण कुणी ओरडत नाही.”

पायगोंडा खाली आले होते आणि रेघेच्या बाहेरच उभे राहिले होते. आत पाऊल टाकायचं की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

“गुरुजी,” ते म्हणाले. एवढा बारीक आवाज त्यांच्याकडं असेल असं वाटलं नव्हतं. “माझ्या जिभेला आग लागली. त्या सायबास्नी सांगा, बापाची चूक हाय, पोरीची न्हाई.”

“सांगितलं मी. निकाल झाला.”

“मग आता?”

“शब्द तुमचा होता, पायगोंडा.”

“शब्द गेला खड्ड्यात. तिला काय वाटतंय ते बगा. ती ऱ्हाते म्हणली तर मी करतो कायतरी. बोल, राजा.”

दोघंही माझ्याकडं वळले. तिचे कान आणि त्यांचे डोळे. मी आयुष्यभर एक नियम पाळला होता. मुलाचं उत्तर मुलालाच शोधू द्यायचं, कितीही वेळ लागला तरी. आपण मध्ये बोललो की ते उत्तर आपलं होतं.

“तुझं तू ठरव, बाळ,” मी म्हणालो.

तिनं पट्टीची गुंडाळी माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, “घरी जाते.”

“बरं,” मी म्हणालो.

पायगोंडा तिची पिशवी घेऊन वहाणा घालायला पुढं गेले. ती माझ्या पाया पडली आणि निघाली. दाराकडं जायला सरळ वाट होती, ती तिला पाठ होती. पण ती रेघेवरून गेली. एक पाऊल, मग दुसरं, पायाच्या बोटांनी सुतळी चाचपत. कोपऱ्याला वळली. पुढच्या कोपऱ्याला पुन्हा वळली. मला वाटलं, पोर हॉलचा निरोप घेतेय. अशा वेळी आवाज करू नये, असं वाटलं. दारात ती जरा थांबली. टाळी वाजवली नाही. मग पायऱ्या उतरून गेली.

बास्केटबॉलची पोरं आली, तेव्हा मी वाकून पट्ट्या सोडवत होतो.

त्यानंतर किती मुली आल्या आणि गेल्या. एक जण राज्याकडून खेळली, एक बँकेत लागली. निवृत्तीनंतरही मी शाळेत जात राहिलो, कारण घरात बसून शिकवायला कुणी नव्हतं. त्या हॉलमध्ये आता नवी जमीन आली आहे. मुली चेंडू अडवतात, मी पंचाशेजारी बसतो. आणि पंच ‘शांतता’ म्हणाले, की दर वेळी माझी मान आपोआप सज्ज्याकडं वळते.

मंडईत जायचं मी टाळत आलो होतो. भाजी दारावर येते, हे निमित्त पुरत होतं. मागच्या हिवाळ्यात मात्र भाजीवाला गावाला गेला आणि मी पिशवी घेऊन निघालो. दुसऱ्या गल्लीत शिरलो तोच एक बाईचा आवाज मंडईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. “वांगी घ्या, काटेरी वांगी! ए दीपक, गाडी आडवी लावू नको, म्हातारी माणसं येत्यात!”

ती ओट्यावर बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले. बोटांनी वांगी निवडून रास लावत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. एक बाई घासाघीस करून गेली, एक माणूस भाव विचारून गेला. मी उभाच.

“कोण आहे?” ती म्हणाली. “घ्यायचं नसेल तर वारा तरी येऊ द्या.”

मी बोललो नाही.

तिचे हात थांबले. “एवढ्या मंडईत गप्प उभं राहणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे,” ती म्हणाली. “बसा, सर. पोत्यावर बसा.”

मी बसलो. पायगोंडा जाऊन सहा वर्षं झाल्याचं तिनं सांगितलं. शेवटपर्यंत आवाज तसाच होता म्हणे. भाऊ मार्गी लागले. दीपक हा भाच्यांपैकी एक. ओटा तिच्या नावावर आहे. मी यास्मिनचं सांगितलं, नव्या मुलींचं सांगितलं. तिनं खोदून खोदून विचारलं. आता चेंडू कसा आहे, सुतळी कुठली वापरता, शिंत्रे मॅडम कुठं असतात.

“वाईट वाटतं का गं कधी?” मी शेवटी विचारलं. “घरी आल्याचं?”

“छे. बाबांबरोबर होते मी. रोज ओरडायचे.” ती हसली. मग एक वांगं हातात घेऊन देठ चाचपत राहिली. “तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत.”

“तुझा निर्णय तू घ्यावास म्हणून.”

“ते कळलं हो. घरी जाते, असं मी म्हटलंही. पण नंतर सगळी रेघ चालले मी. चारी बाजूंनी. दार समोर होतं. मला काय माहीत नव्हतं?” ती म्हणाली. “म्हटलं, सर एक हाक मारतील. राहा म्हणायला नको होतं. नुसती हाक.”

आजूबाजूला भाव पुकारले जात होते. कुणीतरी हातगाडी रेटत गेलं.

“मारली असती तर थांबली असतीस?”

“ते आता कसं सांगू, सर? मारली नाही ना.”

मी पिशवीची घडी घातली, उलगडली. मग म्हणालो, “राजमती.”

“काय म्हणालात?”

“राजमती.”

“मोठ्यानं. ही मंडई आहे.”

मी पोत्यावरून उठलो. उभ्या आयुष्यात मी वर्गातसुद्धा आवाज चढवला नव्हता. घसा साफ केला आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून हाक मारली. समोरचा कोथिंबीरवाला दचकला. दोन बायका वळून बघायला लागल्या. दीपक गाडी सोडून धावत आला.

राजमती मान खाली घालून वांग्यांची रास लावत राहिली, अजून काही ऐकूच आलं नसल्यासारखी. म्हणून मी पुन्हा हाक मारली.